सीटबेल्ट अडकतो कसा, तपासायचा कसा आणि बदलायचा कधी

माझ्याकडे गाडी शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकदा तरी म्हणतो, "मॅडम, ह्या गाडीचा बेल्ट खराब आहे, पुढेच येत नाही." क्लासला उशीर झालेला असतो, घाईत पट्टा खस्सकन ओढलेला असतो आणि तो मध्येच घट्ट धरून बसलेला असतो. मी सांगते, "सोडा. थोडा आत जाऊ द्या. आता सावकाश ओढा." पट्टा सरळ पुढे येतो. तोच विद्यार्थी महिन्याभराने उलटी शंका घेऊन येतो. "मी पुढे वाकलो तरी हा सैल सोडतो. धडक बसली तर खरंच अडवेल का?"

दोन्ही शंकांचं मूळ एकच आहे. आपल्याला दिसतो तो फक्त पट्टा. त्याला अडवणारं यंत्र खांबाच्या प्लास्टिकमागे असतं आणि ते कधी कुणी दाखवत नाही. परळ-लालबाग भागात गेली सोळा वर्षं शिकवताना मी क्लच, गिअर शिकवायच्या आधी हे यंत्र शिकवते. बेल्ट लावणं म्हणजे पोलिसाला दाखवायची पावती नाही आणि तो चालू आहे की नाही हे दहा मिनिटांत आपलं आपल्याला तपासता येतं. त्याला हत्यार लागत नाही, मेकॅनिक लागत नाही.

आधी यंत्र कुठे आहे ते बघा

ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि पट्टा कुठून कुठे जातो ते बोटाने चाचपत जा. पुढच्या आणि मागच्या दरवाजाच्या मधल्या खांबात, अगदी खाली, एक रीळ बसवलेलं असतं. पट्टा तिथून निघतो, वर खांद्याजवळच्या कडीतून येतो, छातीवरून खाली उतरतो, बकलमध्ये घुसणाऱ्या धातूच्या जिभेतून वळतो आणि मांडीवरून जाऊन सीटच्या बाहेरच्या बाजूला खाली बोल्टने बांधलेला असतो. खांदा, कमरेची एक बाजू आणि दुसरी बाजू अशा तीन ठिकाणी तो माणसाला धरतो. ही तीन बिंदूंची रचना व्होल्व्हो कंपनीतल्या निल्स बोहलिन ह्या इंजिनिअरने केली आणि १९५९ साली ती गाड्यांत आली. कंपनीने ती इतरांनाही वापरू दिली, म्हणून आज आपल्या छोट्या हॅचबॅकमध्येही तीच आहे.

रिळाच्या एका टोकाला घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती पट्टा सतत आत खेचत राहते, म्हणून बकल सोडलं की पट्टा आपोआप गुंडाळला जातो. दुसऱ्या बाजूला दात असलेलं चाक असतं आणि त्या दातांत अडकणारा एक खटका. खटका बाजूला असेपर्यंत पट्टा मोकळा. तो दातांत बसला की रीळ उलटं फिरू शकत नाही आणि पट्टा बाहेर येणं बंद. आता प्रश्न इतकाच राहतो की खटक्याला बसायला कोण सांगतं. सांगणारे दोघे असतात.

पहिला गाडीकडे लक्ष ठेवतो. लोकलमध्ये वर टांगलेल्या कड्या आठवा. मोटरमनने जोरात ब्रेक मारला की सगळ्या कड्या एकदम पुढे झुलतात, कारण डबा थांबला तरी त्या पुढेच जात असतात. रिळाच्या खोबणीत अशीच एक छोटी गोळी वाटीत ठेवलेली असते, काही गाड्यांत गोळीऐवजी उभं वजन असतं. गाडीचा वेग झपकन कमी झाला की गोळी वाटीतून वर चढते, वरची तरफ उचलते आणि तरफ खटका दातांत ढकलते. संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमानुसार गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पटीने कमी होऊ लागला की रीळ लॉक व्हायलाच हवं. सिग्नलला आपण सवयीने मारतो तो ब्रेक ह्याहून बराच हलका असतो, म्हणून तिथे पट्टा अडकत नाही. समोर अचानक कुणी आलं आणि ब्रेकवर उभं राहावं लागलं की अडकतो.

ही गोळी कलण्यालाही ओळखते. त्याच नियमात म्हटलं आहे की रीळ १२ अंश किंवा कमी कललं तर लॉक होता कामा नये आणि २७ अंशांच्या पुढे कललं तर झालंच पाहिजे. गाडी उलटली तर माणूस धरला जावा ह्यासाठी ही सोय आहे. तीव्र रॅम्पवरून खाली उतरताना, त्यात ब्रेक दाबलेला असताना, पट्टा अडकल्यासारखा वाटतो त्याचं कारण हेच. सपाटीवर आलात की सुटतो.

दुसरा पट्ट्याकडेच लक्ष ठेवतो. रिळाच्या टोकाला एक छोटी चकती असते. पट्टा सावकाश ओढला तर चकती रिळाबरोबर फिरते आणि काहीच घडत नाही. पट्टा झटक्याने ओढला तर रीळ पुढे जातं, चकती मागे राहते आणि त्या मागे राहण्यानेच खटका बाहेर येतो. घाईत बसणाऱ्या विद्यार्थ्याला अडवतो तो हा. गाडी जागची हललेली नसते, पण पट्ट्याला वाटतं माणूस पुढे फेकला गेला.

दोघांनाही बॅटरी लागत नाही. गाडी बंद असो, वायर तुटलेली असो, हे काम चालूच राहतं.

नव्या गाड्यांच्या पुढच्या सीटवर आणखी दोन गोष्टी असतात. धडक ओळखताच बारूदाची एक छोटी नळी उडते आणि पट्ट्याचा ढिलेपणा डोळ्याची पापणी लवायच्या आत काही सेंटीमीटर मागे खेचते. ह्याला प्रीटेन्शनर म्हणतात. त्यानंतर माणसाचा भार पट्ट्यावर आला की रिळाच्या मधली पोलादी कांडी पिळवटत जाते आणि पट्टा मोजून थोडा सोडते, म्हणजे बरगड्यांवरचा दाब एका मर्यादेपुढे जात नाही. नळी एकदाच उडते आणि कांडी एकदाच पिळली जाते. हे वाक्य पुढे कामाला येईल.

पायरी पहिली: अडकलेला पट्टा सोडवणं

अडकलेल्या पट्ट्याशी बळ लावून उपयोग नाही. तुम्ही ओढता तेव्हा दात खटक्यावर आणखी रुततात. खटका सुटायला रीळ थोडं तरी मागे फिरावं लागतं. म्हणून हात सैल करा, पट्टा दोन-चार बोटं आत जाऊ द्या, मग एका लयीत ओढा.

कधी पट्टा पूर्ण आत जाऊन अडकतो आणि मागे जायला जागाच उरत नाही. तेव्हा पट्टा दोन्ही हातांनी धरून एकदा जोरात ओढा आणि लगेच सोडून द्या. रिळावरची गुंडाळी आवळली जाते आणि सोडताच जो जरासा ढिलेपणा मिळतो तेवढ्यात खटका निसटतो. दोन-तीनदा करावं लागेल. तरीही सुटला नाही तर गाडी सपाट जागी आणून पुन्हा बघा.

मागच्या सीटचं एक वेगळं दुखणं आहे. काही गाड्यांत मधल्या प्रवाशाच्या बेल्टचं रीळ सीटच्या पाठीतच असतं. सामान ठेवायला पाठ दुमडली किंवा नंतर ती नीट खटका वाजेपर्यंत बसली नाही, तर रीळ कललेलं राहतं आणि बेल्ट अडकतो. पाठ मागे रेटा, खटका ऐका, मग ओढा. ह्या एका कारणासाठी लोक चांगला बेल्ट बदलून आणतात. मेकॅनिकने रीळ काढून हातात आडवं धरून "बघा, जाम आहे" म्हटलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. ते गाडीत ज्या कोनात बसतं त्याच कोनात धरलं तरच मोकळं फिरतं.

पायरी दुसरी: दहा मिनिटांची तपासणी

गाडी सपाट जागी, इंजिन बंद.

पट्टा हळू ओढा. कुठेही न अडखळता यायला हवा. आता झटका द्या, जागच्या जागी थांबला पाहिजे. हे सलग पाच वेळा करा, दर वेळी पट्टा वेगळ्या लांबीवर असताना. पाचपैकी एकदा जरी निसटला तरी तो बेल्ट नापास. इथे "चालतंय ना बहुतेक वेळा" हा हिशेब नको, कारण धडक एकदाच बसते.

ह्या झटक्याने फक्त चकतीची परीक्षा होते, गोळीची नाही, आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. गोळीसाठी गाडी चालवावी लागते. पहाटे, रिकाम्या आवारात किंवा रिकाम्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे आरशात बघून, ताशी १० ते १५ किलोमीटरच्या वेगाने जा आणि ब्रेक घट्ट दाबा. हात स्टिअरिंगवरच ठेवा. शरीर पुढे जायला लागलं की पट्ट्याने छातीवर धरून ठेवलं पाहिजे. शेजारच्या आणि मागच्या सीटसाठी कुणाला तरी बसवून हेच करा. बाळ किंवा गरोदर बाई गाडीत असताना ही परीक्षा घेऊ नका.

मग बकल. जीभ आत घातली की "टक्" असा एकच स्पष्ट आवाज यायला हवा. घातल्यावर जीभ उलटी ओढून बघा. लाल बटण दाबलं की जीभ स्वतः बाहेर उडाली पाहिजे, बटण वर यायला कुरकुरता कामा नये. बटण अर्धवट दबलेलं राहत असेल तर आत रुपयाचं नाणं, बिस्किटाचा चुरा किंवा चौपाटीची वाळू असते, हे मी स्वतः कितीदा पाहिलं आहे. टॉर्च लावून बघा, ब्लोअरने हवा मारा. तेल, ग्रीस, गंजावरचा स्प्रे ह्यांपैकी काहीही बकलमध्ये किंवा रिळात घालू नका. त्यावर धूळ बसते आणि नाजूक भाग चिकटतात.

शेवटी पट्टा पूर्ण बाहेर काढा, अगदी शेवटपर्यंत, आणि दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून सरकवत जा. डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला कळते. निघालेले धागे, विरलेली कड, सिगारेटचा डाग, उन्हाने उडालेला रंग आणि कडक झालेला भाग हे सगळं टिपून ठेवा.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागतो, काही सेकंदांनी विझतो. तो विझला नाही तर एअरबॅग किंवा प्रीटेन्शनरच्या जोडणीत बिघाड आहे. तो मुळीच लागला नाही तर प्रकरण आणखी गंभीर आहे. कुणीतरी बिघाड लपवायला दिवाच बंद केलेला असू शकतो.

पट्टा सुस्त परत जातो?

बकल सोडल्यावर पट्टा लोंबकळत राहतो आणि दरवाजात चेपतो, ही मुंबईत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा स्प्रिंग ठीक असते. घाम, धूळ आणि दमट हवा ह्यांचा काळा चिकट थर पट्ट्यावर आणि खांद्याजवळच्या कडीत जमलेला असतो. पट्टा पूर्ण बाहेर काढा, रिळाच्या तोंडाशी कपडे वाळत घालायचा मोठा चिमटा लावा म्हणजे तो आत जाणार नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने दोन्ही बाजू धुवा, ओल्या फडक्याने साबण काढा. कडीचा आतला भाग फडक्याने पुसून काढा, काळं निघेल. ब्लीच, ॲसिड, कपड्यांचा रंग अजिबात नको, त्याने धागा आतून कमकुवत होतो. नंतर सावलीत रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, हाताला पूर्ण कोरडा लागल्याशिवाय चिमटा काढू नका, नाहीतर रिळावर बुरशी धरते.

धुतल्यावरही सुस्तच राहिला तर स्प्रिंग थकली आहे. रीळ उघडून स्प्रिंग आवळून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका.

पाण्यात गेलेली गाडी

ह्या शहरात राहणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. रीळ खांबात अगदी खाली असतं हे वर सांगितलं. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा ठिकाणी गाडी अडकली आणि पाणी उंबऱ्यावरून आत आलं की सीट भिजायच्या आधी रिळाची जागा भिजते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या नंतर धुऊन पुसून विकायला आल्या होत्या. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण दर पावसाळ्यात काही गाड्या आतपर्यंत भिजतातच.

मागच्या वर्षी माझा एक विद्यार्थी जुनी गाडी घेत होता, सहा वर्षांची, बाहेरून सुरेख. मालकाने सीट कव्हर नवीन घातलं होतं, आत लिंबाचा वास मारलेला होता. मी ड्रायव्हरचा बेल्ट धरला आणि ओढत राहिले. पहिला दीड हात पट्टा स्वच्छ राखाडी. मग रंग किंचित पिवळट झाला. आणि शेवटच्या वितीवर, जिथे पट्टा नेहमी गुंडाळलेलाच असतो आणि धुणाऱ्याचा हात कधी पोचत नाही, तिथे चहाच्या डागासारखी एक आडवी रेघ होती. तिच्यावर अंगठा घासला तर बारीक गाळ निघाला. रिळाच्या फटीत एक वाळलेली पाकळी अडकलेली होती. मालकाने काही विचारायच्या आत विद्यार्थ्यानेच "नको" म्हटलं. वापरलेली गाडी बघायला जाल तेव्हा पाचही बेल्ट असे शेवटपर्यंत ओढून बघा.

तुमची स्वतःची गाडी अशी बुडाली असेल तर नियम साधा ठेवा. फक्त पायाखालची मॅट ओली झाली असेल तर पट्टे बाहेर काढून सगळं वाळवा आणि आठवडाभराने वरची तपासणी पुन्हा करा. रीळ पाण्याखाली गेलं असेल तर ते बदला. आतल्या बारीक तरफांवर गाळ बसतो, गंज चढतो, आणि आज चालणारा खटका सहा महिन्यांनी चिकटतो. सीटखाली पिवळ्या रंगाचे वायर-जोड दिसतात ते एअरबॅग आणि प्रीटेन्शनरचे. ते आपण उघडायचे नाहीत, वाळवायला हेअर ड्रायरही मारायचा नाही. ते काम अधिकृत वर्कशॉपचं.

बदलायचा कधी

सीटबेल्टवर दुधाच्या पिशवीसारखी तारीख नसते की अमुक वर्षी टाकून द्या. गाडीच्या पुस्तिकेत मुदत दिली असेल तर ती पाळा, नाहीतर त्याची अवस्था आणि त्याचा इतिहास बघून ठरवायचं.

ज्या धडकेत प्रीटेन्शनर उडाला तो बेल्ट संपला. त्यात चर्चा नाही. पट्टा धडकेनंतर आखडलेला राहतो, परत जात नाही किंवा बाहेर येत नाही, आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला असतो.

प्रीटेन्शनर नसला किंवा उडाला नसला तरी जोरदार धडकेच्या वेळी ज्या सीटवर माणूस बेल्ट लावून बसला होता, तो बेल्ट बदलावा. इथेच लोक नकार देतात, कारण पट्टा दिसायला नवा असतो. पण पॉलिएस्टरचा धागा एकदा जबर ताणला गेला की त्याची ताणायची ताकद खर्च होते, आत कांडी असेल तर तीही पिळली गेलेली असू शकते. खुणा बघायच्या असतील तर जीभ आणि वरची कडी जिथे पट्ट्याला घासतात तिथे बघा: चमकदार, वितळल्यासारखा आडवा पट्टा, किंवा पट्ट्यावर लाटा आलेल्या. काही बेल्टमध्ये खालच्या टोकाशी पट्टा दुमडून शिवलेला असतो. ती शिवण उसवली असेल तर समजा त्या पट्ट्याने एकदा माणूस वाचवला आहे.

कड विरली, चीर गेली, जळाला, झटक्याला एकदाही निसटला, बकल आपोआप सुटलं, जीभ वाकली, बोल्टच्या भोवतालचा पत्रा गंजला, तरी बदला. वरळी, दादर, गोराईसारख्या समुद्रालगतच्या भागात गाडी उघड्यावर उभी असते त्यांनी खालचा बोल्ट वर्षातून एकदा मॅट उचलून बघावा.

माझ्या स्वतःच्या गाडीला काही वर्षांपूर्वी पूर्व द्रुतगती मार्गावर मागून-पुढून धडक बसली. मी आणि माझी बहीण बेल्टमुळे बचावलो, खांद्यापासून कमरेपर्यंत फक्त एक निळी रेघ उमटली होती. गॅरेजने बंपर, बॉनेट, दिवे सगळं नवीन केलं आणि गाडी चकचकीत करून दिली. आठवड्याने मी पट्टा शेवटपर्यंत ओढला तर जिभेजवळ ती चमकदार खूण जशीच्या तशी होती. बेल्ट तोच. एस्टिमेटमध्ये त्याचं नावच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "तो तर ठीक दिसतोय." त्या आठवड्यात मी त्याच बेल्टवर विश्वास ठेवून रोज भावाच्या मुलीला शाळेत सोडत होते. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते: विम्याचा सर्व्हेअर येईल तेव्हा बेल्ट त्याच्यासमोर ओढून दाखवा, खुणांचे फोटो काढा आणि बेल्टचं नाव एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. गाडी दुरुस्त झाल्यावर ते घालणं कठीण जातं.

बदलताना

पूर्ण संच बदलायचा: रीळ, पट्टा, जीभ एकत्र, आणि धडकेनंतर बकलसुद्धा. नुसता पट्टा शिवून देणारे, सीट कव्हरवाल्याकडच्या मशीनवर टाके मारून देणारे भेटतील. कारखान्यातली शिवण ठरलेल्या धाग्याची, ठरलेल्या नक्षीची असते आणि तिच्यावर धडकेच्या वेळी अनेकशे किलोचा भार येतो. तिथे साधा दोरा टिकत नाही.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात जुने सुटे भाग मिळतात. आरसा, दरवाज्याचं हँडल, डिकीचं झाकण तिथून खुशाल घ्या. बेल्ट घेऊ नका. तो ज्या गाडीतून निघाला ती भंगारात का गेली, ह्याचं उत्तर तुम्हाला कुणी देणार नाही. नवा घेताना गाडीचा चेसिस नंबर सांगून पार्ट नंबर जुळवा. डावा-उजवा वेगळा असतो, त्याच मॉडेलच्या वरच्या आणि खालच्या व्हेरिएंटचा वेगळा असतो, प्रीटेन्शनर असलेला आणि नसलेला तर पूर्ण वेगळा. पट्ट्याच्या खालच्या टोकाशी शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते. जुनी गाडी घेतानाही ती वाचा: गाडी २०१७ ची आणि एकाच सीटचं लेबल २०२१ चं असेल तर मधल्या काळात काय झालं ते विचारायला हवं.

प्रीटेन्शनरवालं रीळ घरी काढू नका. बारूद आहे. बॅटरी सोडून, पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, माहितगाराने करायचं काम आहे ते.

नीट बसलेला बेल्टच अडवतो

यंत्र कितीही चांगलं असलं तरी ढिलेपणा त्याला हरवतो. पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर हवा, गरोदर बाईने तर पोटाच्या खालूनच घ्यावा. खांद्याचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून जावा. पट्ट्याला पीळ नको. पदर किंवा ओढणी पट्ट्याखाली चुणून राहू देऊ नका, पाठीवरची सॅक काढून ठेवा, आणि पावसात ओला रेनकोट काढूनच बसा. फुगलेल्या रेनकोटखाली तीन-चार बोटं ढिलेपणा सहज लपतो. पट्टा सैल राहावा म्हणून खांद्यापाशी लावायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, त्या फेकून द्या. अलार्म गप्प करायला बकलमध्ये घालायच्या खोट्या जिभाही तशाच. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या ऑनलाइन विक्रीतून काढायला लावल्या, तरी दुकानांत दिसतात.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योजक सायरस मिस्त्री गेले, ते मागे बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा केला. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाखाली दंड १००० रुपये आहे, आणि १४ वर्षांखालचं मूल नीट बांधून बसवलं नसेल तरी तेवढाच. दुसरी गोष्ट दंडापेक्षा मोठी आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर थांबणं म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणं. त्या क्षणी मांडीवरचं १० किलोचं बाळ २०० किलोचं होऊ शकतं. कुठल्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत, म्हणून बाळाला त्याच्या सीटमध्येच बसवा.

टॅक्सीत बसलात आणि मागचं बकल सीट कव्हरखाली दडलेलं असेल तर "दादा, जरा बेल्ट वर काढून द्याल का?" असं विचारा. मी नेहमी विचारते, आणि बहुतेक जण गाडी बाजूला घेऊन काढून देतात. स्वतःच्या गाडीला नवीन कव्हर शिवून घेताना बकलची भोकं कापून घ्या आणि तिथेच उभं राहून पाचही बकलं वर आलेली बघा.

आणि नवीन बेल्ट बसवून गाडी ताब्यात घ्याल तेव्हा चावी फिरवून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते पाहा, पट्टा हळू ओढा, झटका द्या, बकल टक् वाजतं का ऐका, काढलेलं जुनं रीळ दाखवायला सांगा आणि बिलावर पार्ट नंबर लिहिलेला आहे ना ते वाचा. मग पैसे द्या.